कॅम्बर झकास आहे

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला होता. मागे बर्फाचे डोंगर, त्याखाली लार्चचं जंगल, एका बाजूला दुधट निळ्या पाण्याची नदी, मधून जाणारा पांढुरका खडीचा रस्ता आणि रस्त्याकडेच्या लाकडी बाकाला टेकवलेली माझी नवीकोरी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे सायकलच, जिची खरी किंमत मी आजतागायत कोणाला सांगितलेली नाही (नवऱ्याला अर्धी सांगितलीय). मावशीनं लगेच 'स्वर्ग!!' लिहिलं, चुलतभावानं आगीचे तीन इमोजी टाकले, आणि तासाभरानं अण्णांचा रिप्लाय आला. "कॅम्बर झकास आहे. साईडपट्टीला गवत वाढू दिलंय ते मात्र बरोबर नाही."

मी तो फोटो परत उघडून बघितला. कॅम्बर म्हणजे रस्त्याची पाठ, मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरती, पाणी मध्ये थांबू नये म्हणून ठेवतात ती. मी त्या रस्त्यावरून तीन वेळा गेले होते आणि रस्ता मला एकदाही दिसला नव्हता. डोंगर दिसले होते.

अण्णा बांधकाम खात्यात होते, सगळी नोकरी रस्त्यांवर. आम्ही फलटणला असताना मी लहान होते आणि रविवारी मला स्कूटरवर पुढे उभं करून ते साईटवर न्यायचे, आईला जरा झोप मिळावी म्हणून. त्यामुळे बाकीच्या मुलींना ज्या वयात भातुकलीतल्या कढया आणि झारे ओळखू येतात त्या वयात मला खडी, मुरूम, घमेलं, मोरी (न्हाणीघरातली नव्हे, रस्त्याखालून पाणी काढायची) आणि रोलर ओळखू यायचे. डब्ल्यूबीएम हा शब्द मी एबीसीडीच्या आधी शिकले असेन. वॉटर बाउंड मॅकॅडम. खडी पसरायची, रोलर फिरवायचा, वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, परत रोलर. ओल्या मुरमाला एक वास येतो, पहिल्या पावसाच्या वासाचा चुलतभाऊच म्हणा, तो मला अजूनही कुठे आला की मी आपोआप मान वर करून रोलर शोधते.

पण तेव्हा डब्ल्यूबीएम म्हणजे पूर्ण झालेला रस्ता असं कोणी समजत नसे. तो 'कच्चा'. त्यावर डांबर पडलं की तो 'पक्का'. गावात कोणी पाहुणा आला की पहिला प्रश्न, रस्ता पक्का झाला का? म्हणजे खडीचा रस्ता हे एक प्रकारचं आश्वासन, आंब्याच्या कैरीसारखं, आज ना उद्या पिकेल. त्यामुळे झुरिकच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला पहिल्यांदा सांगितलं की खास खडीच्या रस्त्यावर चालवायला वेगळी सायकल मिळते आणि लोक त्यासाठी सुट्टी घेऊन डोंगरात जातात, तेव्हा मला मनापासून हसू आलं. आम्ही पक्क्या रस्त्यासाठी निवेदनं दिली आणि हे कच्च्यासाठी रजा टाकतायत.

ग्रॅव्हल बाइक कशी असते ते थोडक्यात सांगते, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जावं. दिसायला रेसिंग सायकलच, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, पण टायर जाड. माझे ४५ मिलिमीटरचे आहेत, आत ट्यूब नाही, एक चिकट पांढरं द्रव असतं जे छोटी पंक्चरं आपली आपण बुजवतं. हवा कमी भरायची, मी ३० पीएसआयच्या आसपास ठेवते, म्हणजे टायर दगडाला आपटत नाही, दगडाभोवती बसतो. पुण्यात शिकत असताना आम्ही सायकलच्या टायरमध्ये हवा दगडासारखी टणक होईपर्यंत भरायचो आणि अंगठ्यानं दाबून 'मस्त' म्हणायचो, ती सवय मोडायला मला अख्खा एक सीझन लागला.

तर ती जागा. एंगाडिन. स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, ग्राउब्युंडन नावाच्या कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यात. इंग्रजीत व्हॅली म्हणतात म्हणून आपण दरी म्हणतो आणि दरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो कोकणकडा, काठावर पोटावर झोपून खाली बघायचं. हे तसं नाही. याला खोरंच म्हणायला पाहिजे, कोयनेचं खोरं, नीरेचं खोरं, तसं हे इन नदीचं खोरं. रुंद, सपाट तळाचं, दोन्हीकडे तीन-साडेतीन हजार मीटरचे डोंगर. आणि गंमत म्हणजे या खोऱ्याचा वरचा तळच १८०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे महाराष्ट्राच्या डोक्यापेक्षा उंचावर तुम्ही चढ न चढता तळ्याकाठानं आरामात सायकल चालवत असता, धाप मात्र तरी लागते आणि ती विरळ हवेमुळे लागतेय की कालच्या चीजमुळे हे कळत नाही. नदी इथून ऑस्ट्रिया, जर्मनी करत पासाउला डॅन्यूबला मिळते आणि ते पाणी शेवटी काळ्या समुद्रात जातं. इथल्या गावांची मूळ भाषा रोमान्श, तिला १९३८ साली मतदान घेऊन राष्ट्रभाषेचा दर्जा दिला. वाटेत कोणी भेटलं की 'अलेग्रा' म्हणायचं. अनोळखी माणसालाही म्हणायचं, न म्हणता गेलात तर मागे वळून बघतात. फलटणकडे पायवाटेवर राम राम केल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, तसंच.

झुरिकहून ट्रेननं तीनेक तास. कूरला गाडी बदलायची, मग लाल रंगाची मीटर गेजची गाडी, जिचा हा मार्ग २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. सायकल तिच्यात टांगून न्यायची.

पहिल्या वर्षी मी एंगाडिनमध्ये एक चूक केली आणि ती चूक शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकामुळे केली असं माझं म्हणणं आहे. आपल्याला शाळेत खारे वारे, मतलई वारे शिकवतात, आणि तसेच दरीय वारे, पर्वतीय वारे. दिवसा उन्हानं डोंगराचे उतार तापतात, हवा वर चढते, म्हणून दिवसा वारा खालून वर. रात्री उलटं. मी हे पक्कं लक्षात ठेवलेलं. म्हणून मी विचार केला, दुपारी जेवून वरच्या एंगाडिनच्या खालच्या टोकाला श्चांफला (लिहिताना एस, मग एक छोटी रेघ, मग चांफ, असं लिहितात, मी वर्षभर चुकीचं म्हणत होते) सुरुवात करायची आणि वरच्या टोकाला मालोयाला जायचं, चढ असला तरी वारा पाठीमागून ढकलेल. हुशारी!

सामेदानपर्यंतच नाकातोंडात धूळ गेली. सिल्व्हाप्लानाच्या तळ्यापाशी पोचले तर आकाशात पन्नासेक रंगीत पतंग, प्रत्येकाच्या खाली पाण्यावर एकेक माणूस फळीवर उभा राहून उडतोय, आणि मी ताशी नऊ किलोमीटरनं, खाली वाकून, दात ओठ खाऊन, पोरं चालत माझ्या पुढे जात होती. झिल्सला मी हार मानली आणि पिवळी बस पकडली.

हा जो समोरून येत होता त्याला तिथे मालोयाचा वारा म्हणतात. झालंय असं की या खोऱ्याला वरच्या टोकाला भिंतच नाही. मालोया हा १८१५ मीटरवरचा घाट, पण अलीकडून बघाल तर घाट आहे हे कळतसुद्धा नाही, तळं संपतं, थोडी घरं येतात आणि पलीकडे एकदम जमीनच नाहीशी होते. तिकडे ब्रेगालियाचं खोरं, इटलीच्या दिशेनं उतरणारं, वळणावळणांचा रस्ता. दिवसा त्या खोऱ्यातला वारा नियमाप्रमाणे वर चढतो, मालोयाला पोचतो आणि पुढे अडवायला कोणी नाही म्हणून सरळ आत घुसतो नि एंगाडिनमधून खाली धावत सुटतो. म्हणजे भूगोलाचं पुस्तक बरोबरच होतं, फक्त ते शेजारच्या खोऱ्याबद्दल बोलत होतं. उन्हाळ्यात स्वच्छ ऊन असेल त्या दिवशी दुपारी हा वारा हमखास. कधीकधी त्याच घाटावरून ढगाचा एक लांबलचक पट्टा सरपटत आत येतो, त्याला मालोयाचा साप म्हणतात, तो दिसला की रेनकोट वरच्या कप्प्यात ठेवायचा.

त्यामुळे शहाण्या माणसानं सकाळी बसनं मालोयाला जावं आणि वाऱ्याबरोबर खाली यावं. १९६९ पासून इथे मार्चमध्ये हजारो लोक स्कीवर याच दिशेनं मालोयाहून खाली जातात, त्यांनाही बहुतेक कोणीतरी आधी उलटं पाठवून बघितलं असणार.

झिल्सपासून सुर्लेईपर्यंत तळ्याच्या दक्षिण काठानं खडीची वाट आहे, ती मला फार आवडते. काठाला लागून, सावलीतून. इथे वेगात जायचंच नाही, माणसं चालत असतात, म्हातारी जोडपी, कुत्री, बाबागाड्या, आणि तुमच्या घंटीपेक्षा तुमच्या टायरखाली खडी वाजते ती त्यांना आधी ऐकू येते. मग सेंट मॉरिट्झ, जे मी दरवेळी मान खाली घालून पार करते (१९२८ आणि १९४८ची हिवाळी ऑलिंपिक इथे झाली, दुकानांच्या काचेत घड्याळं आहेत, बास). त्याच्या मागे स्टाझचं जंगल. तिथे आर्वे नावाचा पाइन आहे, अगदी सावकाश वाढणारा, लाकडाला सुंदर वास. त्याच्या बिया एक ठिपकेदार पक्षी जमिनीत हजारोंनी पुरून ठेवतो, हिवाळ्यात उकरून खातो, आणि ज्या विसरतो त्यांची झाडं होतात. जंगलात मऊ माती आणि मुळं, मग परत खडी, मग एकदम उघड्यावर सामेदानचा विमानतळ जिथे खाजगी विमानं उतरत असतात, आणि पुढे बेव्हर, ला पुंट, मादुलाइन, झुओझ, नदीच्या कडेकडेनं, दुपारचा वारा पाठीत, पायडल मारलं नाही तरी चालेल असा.

बेव्हरला मधेच डावीकडे वळलात तर वाल बेव्हर नावाची एक छोटी दरी आहे, पाचेक किलोमीटरवर स्पिनास. तिथे आल्बुलाच्या बोगद्याचं तोंड. जुना बोगदा १९०३चा, जवळजवळ सहा किलोमीटरचा, आणि त्याला लागूनच २०२४ मध्ये नवीन सुरू झाला. याच रस्त्यावर मी पडले. वळणावर नवीन खडी टाकलेली होती, मी नको तिथे पुढचा ब्रेक दाबला, चाक सरकलं आणि कोपर, गुडघा आणि अभिमान असे तिन्ही सोलवटले. अण्णांना फोटो पाठवला तर म्हणाले, "जखमेचा नको, खडीचा पाठव."

श्चांफच्या पुढे राष्ट्रीय उद्यान लागतं, १९१४चं, आल्प्समधलं सगळ्यात जुनं, आत सायकल बंद आहे आणि ते चांगलंच आहे. त्याला वळसा घालून खालच्या एंगाडिनमध्ये शूओलहून स्चार्लला जाता येतं, तो माझा सगळ्यात लाडका रस्ता पण त्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. इथे १९०४ मध्ये स्वित्झर्लंडमधलं शेवटचं अस्वल मारलं आणि बरोबर एकशे एक वर्षांनी, २००५ मध्ये, इटलीकडून एक अस्वल चालत परत या भागात आलं. रस्ता वर तामांगूर नावाच्या आर्वेच्या पुराण्या जंगलाजवळून २२५१ मीटरवरच्या कोस्टाइनास खिंडीत जातो, शेवटचा तुकडा मी सायकल ढकलत नेते आणि वर पोचल्यावर फोटो असा काढते की जणू चालवतच आले.

गेल्या जुलैत आई-अण्णा आले. अण्णा ७१चे आहेत, एक गुडघा कटकट करतो, काठी घेतात पण काठी काखेत धरून चालतात. झुरिकमध्ये त्यांना दोन दिवसांत कंटाळा आला, कारण सगळं झालेलं आहे, कुठे काही चालूच नाही. मग मी म्हटलं चला एंगाडिनला.

पोंट्रेझिनाच्या स्टेशनसमोरून वाल रोझेग नावाची दरी आत जाते, साधारण सात किलोमीटर, शेवटी दोन हजार मीटरवर एक हॉटेल आणि त्याच्या पुढे हिमनद्या. पर्यटकांच्या गाड्यांना या रस्त्यावर बंदी, त्यामुळे ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी स्टेशनवरून घोडागाड्या सुटतात. आईनं बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, टांगा!" प्लॅन असा होता की ते दोघं टांग्यात आणि मी मागेपुढे सायकलवर.

पहिली वीस मिनिटं प्लॅनप्रमाणे. आई घोड्यांवर खूश, सोबत एक जर्मन जोडपं, त्यांनी आईला चॉकलेट दिलं, आईनं त्यांना पर्समधली चिक्की दिली. अण्णा मात्र डोंगराकडे बघतच नव्हते. टांग्याच्या कडेनं वाकून खाली चाकाकडे बघत होते. मग त्यांनी मला हाक मारली, "ए, याला थांबायला सांग जरा."

मला वाटलं काय झालं. टांगेवाल्यानं घोडे थांबवले. अण्णा उतरले, बुटाच्या टाचेनं रस्ता घासला, वाकले (गुडघा विसरून), एक खडा उचलला, फिरवून बघितला, मग दुसरा. "बघ. तोंडं फुटलेली आहेत. क्रशरची आहे. नदीतला गोटा नाही वापरला. गोटा पळतो चाकाखालून. फुटलेला दगड शेजारच्याला धरून बसतो." मग म्हणाले, "तू पडलीस तिथं अजून बसली नव्हती खडी. रोलर कमी पडला असेल, नाहीतर पाणी." जर्मन काकांनी घड्याळ बघितलं. आई म्हणाली, "अहो चला, लोक थांबलेत." अण्णा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. आम्ही येतो चालत."

आणि टांगा गेला. म्हणजे खरंच गेला, आई मागे वळून हात हलवतेय, घोड्यांच्या घुंगरांचा आवाज लांब जातोय, आणि रस्त्यावर मी, माझी सायकल आणि अण्णा. चार-साडेचार किलोमीटर राहिले होते, चढ.

चालताना त्यांनी विचारलं, "इथं डांबर का नाही टाकत? पैसा नाही असं तर नाही." मी मला माहीत होतं ते सांगितलं. १९७९ मध्ये या देशात मतदान घेऊन पायवाटा नि डोंगरवाटांचा विषय राज्यघटनेतच घातला, आणि नंतर जो कायदा झाला त्यात असं आहे की चालायच्या वाटेच्या मोठ्या तुकड्यावर डांबर किंवा काँक्रीट ओतलं तर ती वाट चालायला लायक राहिली नाही असं समजायचं आणि तिच्या बदली दुसरी वाट द्यायची. २०१८ मध्ये सायकलच्या वाटाही मतदानानं घटनेत गेल्या, जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी हो म्हटलं. अण्णा थांबले. "म्हणजे डांबर टाकलं तर रस्ता गेला असं धरतात?" हो. "आन् आमच्याकडं डांबर नाही टाकलं तर आमदार गेला असं धरतात." आणि स्वतःच्या विनोदावर खोकला येईस्तोवर हसले.

मग मी त्यांना या कँटनची जुनी गोष्ट सांगितली, ती त्यांना भयंकर आवडली. ग्राउब्युंडनमध्ये १९०० साली मोटारींना सगळ्या रस्त्यांवर बंदी घातली होती. सगळ्या! पंचवीस वर्षं. पुन्हा पुन्हा मतदान झालं आणि लोक पुन्हा पुन्हा नाही म्हणाले, शेवटी १९२५ मध्ये उठली. त्या काळात कोणी श्रीमंत माणूस मोटार घेऊन आलाच तर तिला पुढे घोडे जुंपून न्यावी लागायची. अण्णा म्हणाले, "रस्ता ज्यानं केला त्यालाच माहीत, मोटार त्याचं काय करते." मॅकॅडम साहेब (ते त्यांना साहेबच म्हणतात, जॉन लाउडन मॅकॅडम, १७५६ ते १८३६, डब्ल्यूबीएममधला 'एम' यांच्याच नावाचा, आमच्या घरात जयंती तेवढी साजरी होत नाही) हे बैलगाडी नि घोडागाडीच्या काळातले, त्यांचा हिशेब सगळा लोखंडी धावेच्या चाकाचा. चाक जाईल तसा दगड आणखी घट्ट बसतो. रबरी टायरची मोटार वेगात आली की ती मधलं बारीक खेचून धुरळा करून उडवते, मग मोठा दगड सुटा होतो, मग खड्डा. म्हणूनच वर डांबर आलं. "म्हणजे हे बघ, डांबर मोटारीसाठी. मोटार नाही तर डांबर कशाला?" आणि जरा वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखं, "आम्ही याला आयुष्यभर कच्चा म्हणलो."

मी म्हटलं इथे नकाशावर अशा रस्त्याला नैसर्गिक पृष्ठभागाचा रस्ता म्हणतात. यावर ते चिडलेच. "नैसर्गिक? निसर्गानं कधी मोरी बांधली का?"

मोऱ्या आणि चर, हा तर त्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम ठरला. या रस्त्यावर दर थोड्या अंतरावर आडव्या पन्हाळी टाकलेल्या असतात, लाकडाच्या किंवा लोखंडाच्या, रस्त्याला जराशा तिरक्या. उतारावरून येणारं पाणी तिथे अडतं आणि कडेला दरीकडे निघून जातं. मी सायकलवाली म्हणून त्यांना शिव्या घालत आले होते, कारण ओल्यात तिरक्या पन्हाळीत चाक अडकलं की माणूस तिरका होतो, सरळ नव्वद अंशात ओलांडायला लागते. अण्णांनी प्रत्येक पन्हाळीपाशी थांबून ती साफ आहे की नाही बघितलं. प्रत्येक! मी मोजल्या नाहीत. एकीत दगड अडकला होता, तो काठीनं उकरून काढला.

पुढच्या वळणावर एक माणूस फावडं घेऊन तेच काम करत होता. केशरी पँट, छोटी टपवाली गाडी बाजूला. गावाचा कामगार असणार. मी अलेग्रा म्हटलं, अण्णांनी नमस्कार केला. तो पन्हाळीतला गाळ काढून रस्त्याच्या वरच्या बाजूला नाही तर खालच्या बाजूला टाकत होता, आणि अण्णांनी मला कोपरानं ढोसलं, बघ, असं. मग त्यांनी त्याला खूण करून विचारलं, दर किती दिवसांनी? त्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं आकाशाकडे बोट दाखवलं आणि बोटांनी पाऊस पाडून दाखवला. पाऊस पडला की. अण्णा एवढे खूश झाले की खिशातली उरलेली चिक्की त्याला देऊन टाकली.

"इथला मैलकुली," ते चालायला लागल्यावर म्हणाले.

हा शब्द मी वीसेक वर्षांनी ऐकला असेन. रस्त्याचा ठरावीक तुकडा ज्याच्या ताब्यात तो मैलकुली. खड्डा बुजवायचा, साईडपट्टी सारखी करायची, चर काढायचा, मोरीचं तोंड मोकळं ठेवायचं. अण्णांच्या पहिल्या पोस्टिंगला एक मैलकुली होता, त्याची गोष्ट मला माहीत होती पण त्यांनी परत सांगितली आणि मी परत ऐकली. रात्री पाऊस सुरू झाला की तो कोणी न सांगता कंदील आणि फावडं घेऊन निघायचा, आपल्या तुकड्यावरच्या सगळ्या मोऱ्या बघून यायचा, आणि सकाळी अण्णा जीपनं पोचले की चिखलात बसून बिडी ओढत असायचा. रस्ता वाहून गेला नाही म्हणून त्याचं नाव कधी कुठल्या कागदावर आलं नाही. वाहून जातो त्याचा रिपोर्ट होतो.

आम्ही वर पोचलो तेव्हा आईचं सूप संपून दुसरी कॉफी चालू होती. तिनं मागवलेला अक्रोडाचा केक अर्धा आमच्यासाठी ठेवला होता, आत कॅरॅमलमध्ये घोळवलेले अक्रोड. आईच्या मते ही चिक्कीच आहे, फक्त पुरणासारखी आत भरलीय. समोर हिमनदीचं पांढरं, करड्या दगडाच्या राशी, सगळं भव्यदिव्य. अण्णांनी एकदा बघितलं, "छान आहे," म्हणाले आणि मोबाईल काढून मला रस्त्याचे फोटो दाखवायला लागले.

उतरताना मात्र तिघंही खाली, ते टांग्यात आणि मी सायकलवर. पोंट्रेझिनाच्या खाली रोझेगचं पाणी बर्निनाच्या पाण्याला मिळून फ्लाझ नदी होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सामेदानच्या बाहेर फ्लाझच्या बांधावर नेलं, कारण पुराच्या भीतीनं सामेदानच्या लोकांनी २००० नंतरच्या दशकात ही अख्खी नदीच उचलून गावापासून दूर, नव्या पात्रात वळवली, चारेक किलोमीटर, आणि आता तिच्या बांधावरून मी सायकल चालवते. खडीचाच रस्ता. फलटणला असताना नीरा उजव्या कालव्याच्या भरावावरून अण्णा मला असंच न्यायचे, एका बाजूला पाणी, एका बाजूला ऊस. इथे उसाच्या जागी गाई. अण्णा बांधावर बराच वेळ उभे राहिले, मग काठी खाली टेकवली, पहिल्यांदाच, आणि म्हणाले, "वळण मस्त घेतलंय." मी आधी बघितलं नव्हतं. नदीला सरळ कालव्यासारखं न नेता नव्या पात्रात मुद्दाम वळणं ठेवलेली आहेत.

ऑक्टोबरच्या शेवटी मी एकटीच परत वाल रोझेगला गेले. ते परत फलटणला, म्हणजे मीटिंग त्यांच्याशी फोटोवरच. लार्च हा सुया गाळणारा सूचिपर्णी वृक्ष आहे, शरद ऋतूत आख्खा सोनेरी होतो आणि मग झडतो, त्यामुळे रस्ता पिवळा, नदीचे काठ पिवळे, माझ्या हेल्मेटवर पिवळं. टांगे बंद झाले होते. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला. एका वळणावर पन्हाळ सुयांनी गच्च भरली होती, पाणी तिच्यावरून उड्या मारून रस्त्याच्या मधोमध चर पाडत खाली चाललं होतं, बोटभर रुंद, बारीक खडी घेऊन. मी फोटो काढला आणि पाठवला. तिकडे संध्याकाळ असणार. दोन निळ्या टिका लगेच आल्या.

"साफ कर."

मी सायकल आडवी टाकली. फावडं कुठलं असणार, एक चपटा दगड शोधला, ग्लोव्ह्ज काढले आणि उकिडवी बसून पन्हाळीतून सुया ओढायला लागले. ओल्या सुया गार असतात आणि हाताला चिकटतात. काढलेल्या सुया खालच्या बाजूला टाकल्या. अर्ध्या पन्हाळीपर्यंत आले तेव्हा पाणी थबकलं, गोल फिरलं आणि कडेला वळलं. मागून एक जोडपं चालत आलं, अलेग्रा म्हणालं, मीही म्हटलं, आणि त्यांना वाटेल की माझं काहीतरी हरवलंय म्हणून मान खाली घालून उरलेली अर्धी काढत बसले.